कानपिळीचा सफारी

ताईला बघायला पाहुणे चार वाजता येणार होते. आईनं मला बजावून ठेवलं होतं, सात वाजेपर्यंत दुकानातून हलायचं नाही. त्याप्रमाणे मी बरोबर सात वाजता घरी आले. हातात शेजारच्यांचा दुरुस्त केलेला टेबल फॅन, अंगात बाबांचा जुना शर्ट, बाह्या दुमडलेल्या, खाली पँट. दाराबाहेर चपलांची रांग होती. पाहुणे दिंडोशीहून दोन बस बदलून घाटकोपरला साडेसहाला पोचले होते. पोह्यांच्या बशा अजून अर्ध्या भरलेल्या होत्या.

मागं फिरावं तर सगळ्यांनी पाहिलेलं. मी उंबऱ्यातच उभी राहिले. खुर्चीत जाड चष्म्याचे एक गृहस्थ बसले होते. ते नवऱ्या मुलाचे मामा. मुलाचे वडील लहानपणीच गेलेले, म्हणून मामांनीच त्याला वाढवलं होतं आणि लग्नाचं सगळं तेच बोलत होते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि खूश होऊन बाबांना विचारलं, "ह्यो कोण? चेडवाचो भाव मां? काय काम करता?"

बाबा म्हणाले, "मोटर वाइंडिंग. इथंच, स्टेशनजवळ."

दोन प्रश्न होते, हा मुलीचा भाऊ ना, आणि काम काय करतो. बाबांनी दुसऱ्याचं उत्तर दिलं आणि पहिला तसाच ठेवला. पडद्यामागं आईच्या हातातला झारा कढईवर आपटल्याचा आवाज आला. ताई पाटावर मान खाली घालून बसली होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत मान खाली घातली. मी नमस्कार करून पंखा घेऊन आत गेले आणि पाहुणे जाईपर्यंत मोरीपाशी उभी राहिले. जाताना मामांनी मुद्दाम आत डोकावून माझ्या पाठीवर थाप मारली.

बाबांवर मला तेव्हा फार राग आला होता. आता येत नाही. त्याआधी ताईची दोन स्थळं माझ्यामुळं मोडली होती. एक मुलुंडचं, एक बोरिवलीचं. दोघांनीही मुलगी पसंत असल्याचं कळवलं होतं आणि दोघांनीही मध्यस्थाकडून पुढं तेच कळवलं होतं, की धाकटीचं ते काय आहे ते आम्हाला समजलं नाही, तेव्हा राहू दे. ताईला सव्विसावं लागलं होतं. तिसरं स्थळ जाऊ देणं बाबांना परवडणार नव्हतं, आणि ताईला त्याहून नाही.

धाकटीचं ते काय आहे, हे मलाही धड सांगता आलं नसतं. चौथीत असताना मी आईच्या कात्रीनं दोन्ही वेण्या कापल्या होत्या. आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण बाबा मला हाताला धरून न्हाव्याकडे घेऊन गेले आणि म्हणाले, नीट कर बाबा, उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसतंय. तेव्हापासून माझा बॉयकट आणि तेव्हापासून बाबांचे नाहीतर मावसभावाचे जुने शर्ट. खांदे उतरलेले, कॉलर विरलेली, कमरेला पट्ट्यानं आवळलेली पँट. माझ्या मापाचं असं माझ्याकडे काही नव्हतं. चाळीत काही जण चिडवायला दादा म्हणायचे, काही जण खरंच दादा म्हणायचे. मला पुरुष व्हायचं नव्हतं. पण साडी नेसून हळदीकुंकवाला जाणारी बाईही मी नव्हते, आणि या दोन्हींच्या मधे उभं राहायला त्या काळात जागाच नव्हती. घरात आईच्या तोंडी मी आली, गेली होते. दुकानात गिऱ्हाईकांना मी आला, गेला होते. मी कुणालाच दुरुस्त करत बसले नाही. इथं आईचंच लिहिते आहे, सवयीनं.

चार दिवसांनी निरोप आला, मुलगी पसंत आहे. त्यानंतरच्या रविवारी मानपानाची यादी करायला मामा एकटेच आले. मी दुकानात होते, त्यामुळं पुढचं मला संध्याकाळी फुलस्केप कागदावर वाचायला मिळालं. मामांचं अक्षर टपोरं आणि सरळ. कुणाला काय मान द्यायचा ते सगळं ओळीनं लिहिलेलं. खाली सहावी ओळ होती: मुलीच्या भावाला कानपिळीचा सफारी, शिलाईसकट, मुलाकडून.

आमच्याकडे लग्नात होमाच्या वेळी नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो. मग तो नवऱ्याचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, अशी ती ताकीद. त्या मानाबद्दल मुलाकडचे त्याला कपडे करतात. एवढीशी गंमत, पण भाऊ लागतोच. सख्खा नसला तर चुलत, मावस, कुणीतरी. मामांनी सख्खा डोळ्यांनी बघितला होता आणि त्याच्या नावानं सफारी लिहून ठेवला होता. खाली बाबांची सही होती.

"मी उद्या जाऊन सांगून येते," मी म्हटलं.

"जा की," आई म्हणाली. "सांग जाऊन. आणि मग ताईला जन्मभर तूच पोस."

"मग काय करणारेस? सफारी आल्यावर कुणाला घालणारेस?"

"तू आधी हळू बोल. झाकली मूठ सव्वा लाखाची. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे तुझं नेहमीचंच."

बाबा कागदाची घडी घालत होते. घातलेली उलगडत होते, परत घालत होते. ताई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यावर खेकसले, "तू तरी काहीतरी बोल गं. लग्न तुझं आहे ना?"

"या वेळी तांदळात खडे फार आहेत," ताई म्हणाली.

मी ताट तसंच सरकवून गॅलरीत जाऊन बसले. मला ताईचा राग आला होता आणि त्याच्या तळाशी भीतीही होती. हिलाही मी लपवायचीच गोष्ट वाटते का, ही ती भीती. माझी आई लपवत होती ते मला कळत होतं. बाबा गप्प बसले तेही. पण एका पांघरुणात वाढलेली ही माझी बहीण. तिला मी जशी आहे तशी तिच्या लग्नात हवी होते की नाही, तेवढंच मला कळायला हवं होतं. तेवढंच ती सांगत नव्हती.

आईनं दोन दिवसांत बेत केला. मुलीचा भाऊ कामासाठी गुजरातला गेला, ऐनवेळी रजा मिळाली नाही. लाह्या घालायला आणि कान पिळायला मावसभाऊ उभा राहील. आणि मी? मी गावाहून आलेली मावसबहीण. साडी नेसून, अंबाडा घालून, बायकांत बसून. तोपर्यंत दोन महिने केस कापायचे नाहीत, म्हणजे गंगावन टोचायला निदान धरायला काहीतरी असेल.

"माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी मावसबहीण?"

"हो," आई म्हणाली. "नाहीतर गावाला जाऊन बस."

चाळीतले निम्मे लोक लग्नाला येणार होते आणि सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. आई खोल्याखोल्यांतून फिरली आणि प्रत्येकीपुढं पदर पसरला. ज्या चाळीत कुणाच्या डाळीला फोडणी कसली घातली ते चार बिऱ्हाडं पलीकडे कळायचं, त्या चाळीनं हे गुपित राखलं. त्यांचे उपकार मी विसरले नाही, पण तेव्हा मला ते उपकार वाटले नव्हते. जिना चढताना बायका माझ्या वाढलेल्या केसांकडे बघायच्या आणि मान हलवायच्या, आजारातून उठलेल्या माणसाकडे बघून हलवतात तशी. मला ते असह्य व्हायचं.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी दुकानात मोटरच्या आर्मेचरवर तार गुंडाळत होते. समोर सावली पडली म्हणून वर पाहिलं तर मामा. बगलेत कापडाची पुडी.

"चल रे. आमचा गाववाला टेलर इथं घाटकोपरलाच आहे. माप देऊन ये, म्हणजे मी सुटलो."

माझ्या हातातली तार तुटली. काम आहे म्हणाले असते, पण दुकानाचे मालक मागून म्हणाले, जा जा, लग्नघर आहे. त्यांना वाटलं ते माझ्यावर मेहेरबानी करतायत.

टेलरचं दुकान एका जिन्याखाली होतं. मामा बाहेरच्या स्टुलावर वर्तमानपत्र उघडून बसले, माझ्यापासून चार हातांवर. टेलर पन्नाशीचा, गळ्यात टेप, कानाला खडू. त्यानं खांदा मापला, आकडा मोठ्यानं म्हटला, लिहिला. बाही मापली. गळा मापला. मी आतून जाड बनियन आणि त्याखाली आवळून बांधलेली पट्टी घालायचे, ती कामाच्या घामानं भिजून अंगाला काचत होती. मग त्यानं दोन्ही हात काखेखालून पाठीमागं नेले, टेप पुढं आणला, आणि थांबला.

मी श्वास रोखून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. आता हा काहीतरी बोलेल, मामा वर्तमानपत्र खाली करतील, आणि ताईचं लग्न या जिन्याखाली मोडेल, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज झाला.

टेलर माझ्याकडे बघत नव्हता. टेपकडे बघत होता. हळू म्हणाला, "श्वास सोड. धरून ठेवलास तर कपडा चुकतो."

मी सोडला. त्यानं माप घेतलं, पण आकडा या वेळी मोठ्यानं म्हटला नाही. नुसता लिहिला. मग मामांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अण्णा, छातीला थोडा सैल ठेवतो. सफारी सैलच बरा दिसतो."

"ठेव ठेव," मामा पेपरातून म्हणाले. "पोराचं अंग भरायचं वय आहे."

बाहेर आल्यावर मामांनी मला उसाचा रस पाजला. मला नको होता, पण ग्लास हातात आला. ते म्हणाले, "तुझ्या बाबांचं आता वय झालं. गिरणी बंद पडल्यापासून माणूस खचलाय, दिसतं मला. घरचा कर्ता तूच. तुझ्या ताईला आमच्या घरात काही खुपलं, तर थेट माझ्याकडे यायचं. भाच्याकडे नाही, त्याच्या आईकडे नाही. माझ्याकडे. भावानं बहिणीची बाजू घ्यायची असते, त्यात लाजायचं नाही."

असं माझ्याशी तोपर्यंत कुणीच बोललं नव्हतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याचीच भीती वाटली, कारण ते सगळं दुसऱ्याच कुणाला तरी म्हटलेलं होतं आणि ते घेऊन मी रस पीत उभी होते. "मामा," मी म्हटलं. ते थांबले. जिभेच्या टोकावर आलं होतं. मग ताईचं सव्विसावं आठवलं. "रस गोड आहे," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी गच्चीवर पापड काढायला गेलेल्या ताईला मी गाठलं आणि सगळं सांगितलं. टेलरचं, रसाचं, सगळं. "त्या माणसाला मी यापुढं फसवणार नाही," मी म्हटलं. "तू सांग, नाहीतर मी सांगते."

ताईनं पापड गोळा करणं थांबवलं नाही. "मी बघते," ती म्हणाली.

"काय बघतेस?"

"बघते म्हटलं ना. तू गप्प बस. तेवढं कर माझ्यासाठी."

मी गप्प बसले. माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

लग्न मे महिन्यात, एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. सकाळी सहाला आई आणि मावशी दोघी मिळून मला नेसवत होत्या. गंगावन बसवायला बावीस पिना लागल्या, मी मोजल्या. वर गजरा, कपाळाला टिकली, हातात बांगड्या. आरशात बघायची माझी इच्छा नव्हती, पण मावशीनं आरसा पुढं धरलाच. साडीला मी नावं ठेवत नाही. ताई साडीत किती सुंदर दिसायची. पण आरशातल्या त्या बाईला मी कधी भेटले नव्हते, आणि आता ती माझ्या बहिणीच्या लग्नाला माझ्याऐवजी जाणार होती.

मामा हॉलमध्ये आल्या आल्या बाबांना म्हणाले, "मेहुणा कुठाय?" त्यांच्या हातात कागदात बांधलेला सफारी होता. बाबांनी गुजरात आणि रजा सांगितलं, खाली बघत. मामांचा चेहरा पडला. "बहिणीच्या लग्नाला येत नाही म्हणजे काय? मी बोललो असतो त्याच्या मालकाशी." सफारी त्यांनी खाली ठेवला नाही, काखेतच धरून फिरत राहिले.

आईनं मला अक्षता वाटायला लावलं होतं, म्हणजे मान खाली घालून चालायला निमित्त. मामांच्या रांगेशी आले तेव्हा पदर आणखी पुढं ओढला. त्यांनी ताटात हात घातला आणि तो तसाच ठेवला. ते माझ्या हाताकडे बघत होते. वाइंडिंगवाल्याच्या बोटांना वॉर्निश लागतं ते घासून जात नाही, नखांच्या कडेला तांबूस राहतं. बांगड्या भरायला लक्षात राहिलं, बोटं राहून गेली.

"बाय, तुका खंय तरी बघलंय," ते म्हणाले, मला कुठं पाहिलंय ते आठवत.

"गावाक," मी पुटपुटले आणि पुढं सरकले.  मागं वळून बघायचं धाडस झालं नाही.

मंगलाष्टकं झाली. अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या, बँड वाजला. निम्मे लोक जेवणाच्या हॉलकडे वळले. आईनं खांबाला टेकून डोळे मिटले. तिला वाटलं पार पडलं. तिच्याशेजारी खांबाशी उभी राहून मलाही तसंच वाटलं, आणि मला रडू येत होतं. माझी बहीण मला न बोलावताच बोहल्यावर चढली होती.

मग होम पेटला. भटजींनी हाक दिली, "मुलीचा भाऊ कोण? लाह्या घेऊन या." मावसभाऊ नवा शर्ट सारखा करत सूप घेऊन पुढं झाला. ताईनं ओंजळ पुढं केली नाही. हात मांडीवर तसेच.

"ओंजळ कर, बाळ," भटजी म्हणाले.

"भाऊ येऊ दे," ताई म्हणाली.

"अगं, हा काय उभा," आई पुढं झाली.

"हा मावशीचा." ताईचा आवाज मोठा नव्हता, पण तिथं सगळ्यांना ऐकू गेला. "माझं पाठचं तिथं खांबाशी उभं आहे. लाह्या त्याच्याच हातून घेईन. नाहीतर होम असाच राहू दे."

तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल तर संताप. महिनाभर तोंड बंद ठेवायला लावून हिनं मला या अवतारात सगळ्यांपुढं उभं केलं. मग पाय निघाले. साडी पायात येत होती, ती मी एका हातानं वर धरली आणि लांब पावलं टाकत गेले, रोज चालते तशी. गंगावनाच्या दोन पिना सुटून ते मानेवर लोंबायला लागलं होतं. बोहल्याशी पोचल्यावर मी ते ओढून काढलं आणि आईच्या हातात दिलं. तिनं ते घेतलं आणि पदराखाली धरलं.

मामा खुर्चीतून उठले होते. चष्मा काढून त्यांनी पुसला, परत लावला. "म्हणजे," ते बाबांना म्हणाले, "तुम्ही आम्हाला भाऊ म्हणून दाखवलात ते..."

बाबा तोपर्यंत दोन महिन्यांत धड दोन वाक्यं बोलले नव्हते. ते हात जोडून म्हणाले, "तुम्ही विचारलंत आणि मी उत्तर दिलं नाही. ती चूक माझी. पण त्या दिवशी दारात बघितलंत ते खरं होतं. लपवलं ते आज."

 होमात तूप चरचरत होतं. मी सुपातून मूठभर लाह्या घेतल्या आणि ताईच्या ओंजळीत घातल्या. तिची ओंजळ नीट जुळत नव्हती, लाह्या फटींतून सांडत होत्या, तेव्हा मला कळलं की ती माझ्याहून जास्त घाबरलेली आहे. तीनदा घातल्या. मग नवऱ्या मुलानं, आमच्या भावोजींनी, मुंडावळ्या बाजूला सारून डावा कान माझ्याकडे केला. मी नुसता हात लावला.

"जोरात," ते म्हणाले. "एवढ्यानं काय होणार?"

मी जोरात पिळला. ते खरंच कळवळले. कुठंतरी बायकांत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

मामांनी सफारीचं पुडकं खुर्चीवर ठेवलं, मामींना हाक मारली आणि न जेवता निघून गेले. भावोजींची आई पानावर बसली, पण घास तिच्या तोंडात जाईना. भावाशिवाय तिच्या घरचं पहिलं कार्य होतं ते. पाठवणीच्या वेळी मी ताईला बाजूला ओढलं. "मला का नाही सांगितलंस?"

"ह्यांना मी कधीच सांगितलं होतं," ताई म्हणाली. "लग्नाआधी, बसस्टॉपवर गाठून. हे म्हणाले, मामा आधी ऐकणार नाहीत, अक्षता पडू देत. एकदा अक्षता पडल्या की लग्न कोण मोडणार आहे?"

"पण मला..."

"तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी दिंडोशीला जाऊन सांगून आली असतीस." ती हसली आणि मग लगेच रडली. मीही.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. अक्षता पडल्या होत्या, लग्न कुणी मोडलं नाही, पण ताईला कुणी माहेरीही पाठवलं नाही. मामा दिंडोशीत शेजारच्याच इमारतीत राहायचे. लग्नापासून त्यांनी बहिणीच्या घरची पायरी चढणं बंद केलं होतं, आणि भावोजींची आई भावाला आणखी दुखवायला नको म्हणून सुनेला आमच्याकडे पाठवत नव्हती. गौरीला आई दारात डोळे लावून बसली. नवी माहेरवाशीण आलीच नाही. ताईची पत्रं यायची, सगळं ठीक आहे एवढीच. आई ती तीन तीनदा वाचायची आणि मग माझ्याकडे बघायची. बोलायची नाही. माझं मलाच बोलून घेता येत होतं. ओंजळ ताईनं अडवली होती, पण कारण मी होते.

सफारीचं पुडकं कपाटावर पडून होतं. आई म्हणायची परत पाठवून देऊ. बाबा म्हणायचे, राहू दे.

दिवाळीच्या आधी ताईचं अंतर्देशीय आलं. त्यात एकच ओळ नवी होती. भाऊबीजेला ये, ओवाळायला मला दुसरं कोण आहे.

कसं जायचं, यावर आमच्याकडे दोन दिवस धुसफूस झाली. आई म्हणाली, साधी साडी नेस, ताईच्या घरात आणखी आग नको. मी म्हटलं, मग गंगावनही दे. शेवटी भाऊबीजेच्या सकाळी बाबांनी काही न बोलता पुडकं खाली काढलं, दोरा सोडला आणि सफारी खाटेवर पसरून ठेवला. करड्या रंगाचा होता. मी आत जाऊन घातला.

खांदे खांद्यांवर आले. बाही मनगटापाशी संपली. छातीला टेलरनं आतून एक जादा पट्टी लावली होती. त्यामुळं कुठं काही काचत नव्हतं आणि कुठं काही दिसतही नव्हतं. कॉलरला दुसऱ्या कुणाच्या मानेचा डाग नव्हता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी टेप लावून माझ्या अंगाचं माप घेतलं होतं आणि त्याप्रमाणे कपडा शिवला होता. आणि तो मला एका माणसाला फसवून मिळाला होता. मी खाटेच्या कडेवर बसले आणि बराच वेळ बटणं लावत राहिले.

दिंडोशीला दार मामांनीच उघडलं. इतक्या महिन्यांनी ते त्या घरात आले होते, कारण भाऊबीजेला बहिणीकडे गेलं नाही असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं, की दार उघडलंय आणि मामा समोर उभे आहेत. मागं ताई निरांजन हातात घेऊन जागच्या जागी थांबलेली.  आता हे दार माझ्या तोंडावर बंद झालं तर ते तिच्याही तोंडावर होणार होतं. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला मी फसवलं. रस पिताना सांगायला हवं होतं."

ते सफारीकडे बघत राहिले. आधी खांदा, मग बाही, मग कॉलर. खिशाची कड थोडी दुमडली होती, ती बघितली. माझ्या तोंडाकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

"खांद्यात बरोबर बसलाय," शेवटी ते म्हणाले, आणि वळून बहिणीला हाक मारली. "आणखी एक पाट मांड गं. हिचा भाऊ आलाय."

ते आपल्या पाटावर जाऊन बसले. मी चपला काढल्या, आत गेले आणि त्यांच्या शेजारी बसले.